दोन तारखा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे 'तारीख' हा शब्द दोन ठिकाणी हमखास ऐकू येतो. कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर उभं राहिलं, तर दर दुसरा माणूस म्हणत असतो, "पुढची तारीख मिळाली." आणि घरात लेक किंवा सून गरोदर असली, की शेजारीण विचारते, "डॉक्टरांनी तारीख कधीची दिलीय?" पहिली तारीख पुढे जाऊ शकते. वकील आजारी पडले, कागद आले नाहीत, न्यायाधीशांची बदली झाली, की पुढची तारीख. दुसरी तारीख मात्र कोणाच्याही अर्जावर पुढे ढकलली जात नाही. आज मी जो इतिहास सांगणार आहे, तो या दोन तारखांचा आहे. मूल होऊ द्यायचं की नाही, आणि ते ठरवायला लागणारी माहिती, औषध, डॉक्टर बाईला मिळणार की नाही, हा प्रश्न गेली दीडशे वर्षं न्यायालयांपुढे येत राहिला आहे. तिथे जिंकणं म्हणजे काय आणि हरणं म्हणजे काय, याची काही उदाहरणं तुमच्यापुढे ठेवते.

मी आयुष्यभर कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवलं. पण या विषयाचा पहिला धडा मला कोणत्याही निकालपत्रातून मिळाला नाही, तो आत्याकडून मिळाला. माझी आत्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात नर्स होती. बायका तिला महिना सांगत नसत, सण सांगत. "नागपंचमीला बसले होते बाजूला, त्यानंतर नाही." मग आत्या बोटांच्या पेरांवर मोजायची आणि वहीत आठवडे लिहायची.

१९७४-७५ च्या सुमाराची गोष्ट. गर्भपाताचा कायदा नुकताच लागू झाला होता. पाच मुलांची एक आई कोजागिरीनंतरच्या बाजारच्या दिवशी चालत आली. नागपंचमीपासूनचे दहा आठवडे भरून अकरावा लागला होता. ते काम करणारे डॉक्टर जिल्ह्याहून आठवड्यातून एकदा येत. त्या दिवशी ते आले नाहीत. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, तर डॉक्टर दिवाळीच्या रजेवर. दिवाळी झाल्यावर ती तिसऱ्यांदा आली तेव्हा बारा आठवडे उलटून गेले होते. आता कायद्याप्रमाणे एका नव्हे, दोन डॉक्टरांचं मत हवं होतं. दुसरे डॉक्टर होते जिल्ह्याच्या गावी. ती चौथ्यांदा आली नाही. तिचं पुढे काय झालं, ते आत्याला कधीच कळलं नाही. वहीत तिच्या नावापुढची जागा कोरी राहिली.

कायदा तिच्या बाजूचा होता. कोर्टकचेरीची गरजच नव्हती. तरीही ती परत गेली. हे लक्षात ठेवून आपण मागे जाऊ.

लंडन, १८७७

चार्ल्स नोल्टन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरने १८३२ साली संततिनियमनाची माहिती देणारी छोटी पुस्तिका लिहिली. त्याबद्दल त्याला तिकडे तुरुंगवास झाला. पुढे ती इंग्लंडमध्ये चाळीसेक वर्षं गुपचूप विकली जात होती. वर्षाला काही शे प्रती खपायच्या. १८७७ मध्ये तिच्या प्रकाशकावर खटला झाला, तेव्हा चार्ल्स ब्रॅडलॉ आणि अ‍ॅनी बेझंट या दोघांनी ती मुद्दाम पुन्हा छापली, पोलिसांना कळवून विकली आणि अटक ओढवून घेतली. याच बेझंटबाई पुढे १८९३ मध्ये भारतात आल्या, १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या बरोबरीने होमरूलची चळवळ उभारली आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. आपल्याला माहीत असतात त्या या बेझंटबाई. १८७७ च्या बेझंटबाई वेगळ्या होत्या. पाद्री नवऱ्यापासून विभक्त झालेली, लहान मुलगी सांभाळणारी एकोणतीस वर्षांची बाई कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडत होती. गरीब घरातली बाई दर वर्षाला बाळंत होऊन खंगत जाते आणि श्रीमंतांच्या डॉक्टरांना ठाऊक असलेली गोष्ट तिला सांगणं गुन्हा ठरतो, हा तिच्या म्हणण्याचा गाभा होता.

न्यायासनावर होते सर न्यायाधीश कॉकबर्न. अश्लीलतेची प्रसिद्ध कसोटी त्यांनीच १८६८ मध्ये घालून दिली होती. ज्यांच्या मनावर असा मजकूर परिणाम करू शकेल, त्यांना बिघडवण्याची त्या मजकुराची प्रवृत्ती आहे का, हे पाहायचं. म्हणजे जाणत्या वाचकाचा विचार नाही, सर्वांत कच्च्या मनाच्या वाचकाचा विचार. ज्यूरीने निर्णय दिला, की पुस्तिका नीती बिघडवणारी आहे, पण आरोपींचा हेतू वाईट नव्हता. याचा अर्थ दोषी असाच घेतला गेला आणि सहा महिने कैद व दोनशे पौंड दंड अशी शिक्षा झाली. पुढल्या वर्षी अपिलात आरोपपत्रातल्या एका तांत्रिक चुकीवर शिक्षा रद्द झाली. त्यामुळे पुस्तिका निर्दोष आहे असं कुठलंच न्यायालय म्हणालं नाही.

पण दरम्यान काय झालं? वर्तमानपत्रांनी खटल्याचा शब्द न् शब्द छापला. काही शे प्रती खपणाऱ्या पुस्तिकेच्या सव्वा लाखाच्या आसपास प्रती काही महिन्यांत खपल्या. जी माहिती लोकांपर्यंत पोचू नये म्हणून खटला भरला, ती खटल्यानेच घरोघर पोचवली.

याची किंमत मात्र एकट्या बाईने मोजली. १८७८ मध्ये तिच्या नवऱ्याने मुलीच्या ताब्यासाठी अर्ज केला. नास्तिक विचारांची आणि असली पुस्तकं छापणारी आई मुलीला वाढवायला योग्य नाही, असं धरून न्यायालयाने मुलगी बापाकडे दिली. लाखभर घरांना जे मिळालं, ते मिळवून देणारीच्या घरातून तिची मुलगी गेली. या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल. खटल्याचं फळ एकाला मिळतं, बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

मुंबई, १९३४

तीच कॉकबर्नसाहेबांची कसोटी बोटीत बसून हिंदुस्थानातही आली होती. तिच्या तडाख्यात सापडले आपले रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला तेही हेच साल. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. या कामापायी रघुनाथरावांची प्राध्यापकी गेली. पत्नी मालतीबाईंच्या साथीने त्यांनी काम चालू ठेवलं आणि १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं.

त्या मासिकाचा महत्त्वाचा भाग होता वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं. आज त्याचं मोल कळायला थोडी कल्पना करावी लागेल. चाळीतल्या दोन खोल्यांत आठ माणसं. विचारणार कोणाला? डॉक्टरला विचारायची लाज, आईला विचारायची सोय नाही. अशा माणसाला एक पोस्टकार्ड टाकून उत्तर मिळत होतं, तेही आडपडदा न ठेवता. शरीराच्या या भागाबद्दल मराठीत सरळ गद्य लिहिता येतं, हे रघुनाथरावांनी दाखवलं.

१९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून अश्लीलतेचा पहिला खटला झाला. शंभर रुपये दंड. उच्च न्यायालयातलं अपीलही फेटाळलं गेलं. १९३४ मध्ये पुन्हा अटक झाली, ती वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३४ चा तो काळ आठवा. नुकतीच गोलमेज परिषद झालेली, पुणे करार झालेला. देशभरचा व्याप डोक्यावर असलेल्या माणसाने पैसा नाही, लोकप्रियता तर नाहीच नाही, असा खटला का घ्यावा? त्यांचा युक्तिवाद साधा होता. मासिकच लैंगिक प्रश्नांना वाहिलेलं असेल आणि वाचकाने शंका विचारली, तर उत्तर द्यायचं की नाही? द्यायचं नसेल तर मासिक बंद करा असंच सांगा. आणि प्रश्न कोणाला विकृत वाटत असतील, तर ती विकृती ज्ञानाखेरीज कशाने जाणार आहे?

खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला. एप्रिल १९३४. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, म्हणून तो पी. जे. रोहम यांनी मांडला. बाईला वारंवारच्या बाळंतपणांतून सोडवण्याची गोष्ट त्यात होती. तोही ठराव फेटाळला गेला.

आता तारखा पाहा. १९३४ मध्ये ज्या माहितीबद्दल दंड झाला, तिचाच कार्यक्रम १९५२ पासून भारत सरकारने पहिल्या पंचवार्षिक योजनेत हाती घेतला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम सुरू करणारा आपला देश जगात पहिला मानला जातो. रघुनाथराव १४ ऑक्टोबर १९५३ रोजी गेले, तोवर ते आपलं मासिक काढतच होते. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला आणि काळ त्यांच्या बाजूने. पण मधल्या अठरा वर्षांत ज्यांना उत्तर मिळालं नाही, त्या बायकांच्या बाळंतपणांची नोंद कुठल्या निकालपत्रात सापडायची?

परवानगी आणि हक्क

गर्भपाताबाबत आपला कायदा १८६० पासून कडक होता. भारतीय दंडविधानाच्या ३१२ व्या कलमाप्रमाणे बाईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात हा गुन्हा होता आणि तो करून घेणारी बाईही गुन्हेगार होती. दंडविधान बदलून भारतीय न्याय संहिता आली ती १ जुलै २०२४ रोजी, पण हा गुन्हा तिच्यातही, ८८ व्या कलमात, कायम आहे. हे अनेकांना ठाऊक नसतं. मूळ गोष्ट गुन्हा आहे आणि १९७१ च्या कायद्याने तिला अपवाद केला आहे.

त्या अपवादाचं श्रेय महाराष्ट्राकडे जातं. राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये समिती नेमली गेली. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरतात, हे या समितीने १९६६ च्या अहवालात ठामपणे मांडलं. त्यावरून १९७१ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस आठवड्यांपर्यंत दोघांचं. गर्भनिरोधक साधन फसलं हे कारणही मान्य झालं, पण ते विवाहित स्त्रीपुरतं. अमेरिकेत १९७३ मध्ये जे न्यायालयाने दिलं, ते आपल्याकडे त्याआधी संसदेने दिलं. अमेरिकेच्या न्यायालयाने आपलं देणं २०२२ मध्ये परत घेतलं. आपला कायदा टिकला आणि वाढला.

तरी त्यात एक मेख होती. कायद्याने डॉक्टरला संरक्षण दिलं, बाईला हक्क दिला नाही. तिने मागायचं, डॉक्टरने ठरवायचं. आणि वीस आठवड्यांनंतर डॉक्टरही हतबल. १९७१ मध्ये सोनोग्राफी आपल्या दवाखान्यांत पोचलेली नव्हती. पुढे ती आली आणि गर्भातले काही गंभीर दोष अठराव्या, विसाव्या आठवड्याच्या तपासणीत, कधी त्याहूनही उशिरा, दिसू लागले. म्हणजे दोष कळण्याची वेळ आणि कायद्याची मुदत संपण्याची वेळ एकच.

मुंबई, २००८

त्या मेखेवर पहिल्यांदा बोट ठेवलं गेलं ते २००८ मध्ये, पुन्हा मुंबईतच. एका दांपत्याला गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं कळलं, तेव्हा वीस आठवड्यांची मुदत केव्हाच उलटली होती. त्यांचे डॉक्टर निखिल दातार त्यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्या वेळच्या बातम्या अनेकांना आठवत असतील. घराघरांत वाद झाले. एक जीव दुर्बळ आहे म्हणून नाकारायचा का, असं विचारणारे होते. अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांची ती भीती खरी होती आणि आजही ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जन्मभर ज्या आईबापांना हे निभवायचं आहे त्यांना कोणी विचारणार का, असं म्हणणारेही होते.

४ ऑगस्ट २००८ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. कायद्यात बदल करणं हे संसदेचं काम आहे, न्यायालयाचं नाही, असं कारण दिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या बाईचा गर्भ आपोआप पडला. न्यायालयाच्या तारखेनंतर लगेच शरीराने आपली तारीख गाठली.

हाही हरलेला खटला. पण १९७१ च्या कायद्यातली वीस आठवड्यांची रेघ कुठून आली, असा प्रश्न त्याआधी फारसा कोणी मोठ्याने विचारला नव्हता. डॉ. दातार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारने २०१४ मध्ये दुरुस्तीचा मसुदा काढला. प्रत्यक्ष दुरुस्ती झाली २०२१ मध्ये. तेरा वर्षं.

जिंकलेले खटले

या तेरा वर्षांत खटले जिंकलेही गेले. २००९ चा चंदीगडचा निकाल सर्वांत महत्त्वाचा. तिथल्या सरकारी संस्थेतल्या सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका तरुणीवर बलात्कार झाला होता. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मात्र मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला आणि सांगितलं, की मूल होऊ देण्याचा किंवा न देण्याचा निर्णय हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. बाईच्या 'नको' म्हणण्याच्या हक्काचा भक्कम पाया घातला गेला, तो 'हवं' म्हणणाऱ्या बाईच्या खटल्यात. मला वाटतं, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या लोकांनी ध्यानात ठेवावी. प्रश्न गर्भपाताच्या बाजूने की विरुद्ध, इतकाच नाही. ठरवणार कोण, हा आहे.

जुलै २०१६ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाने अहवाल दिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने चोविसाव्या आठवड्यात गर्भपाताला परवानगी दिली. गर्भात गंभीर दोष होता आणि बाईच्या जिवाला धोका होता. त्यानंतर देशभरातून याचिकांची रांग लागली. कायदा कोर्टात जा म्हणत नव्हता, पण डॉक्टर म्हणू लागले, "कोर्टाची ऑर्डर आणा." एकाला परवानगी, दुसऱ्याला नकार. कोणत्या खंडपीठापुढे याचिका आली, यावर बरंच अवलंबून.

आणि मग २०१७ चं पाटण्याचं प्रकरण. रस्त्यावर राहणारी, बलात्कार झालेली, एचआयव्हीची लागण असलेली एक स्त्री. गर्भपात हवा असं ती म्हणाली, तेव्हा वीस आठवडे झालेले नव्हते. कायदा पूर्णपणे तिच्या बाजूने होता. रुग्णालयाने नवऱ्याची, बापाची संमती मागितली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे तारखा पडल्या. सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत सव्वीस आठवडे झाले आणि आता धोका फार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने मान्य केलं, की तिच्यावर अन्याय झाला, आणि राज्य सरकारला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. कागदोपत्री ती जिंकली. हे निकालपत्र वाचताना मला आत्याची वही आठवली. पाटण्याच्या त्या बाईचे आठवडे निदान न्यायालयाने मोजले, एवढाच फरक.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. आयर्लंडमध्ये १९९२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आईच्या जिवाला खरा धोका असेल तर गर्भपात कायदेशीर आहे. खटला जिंकला. पण तो अमलात कसा आणायचा, याचा कायदा सरकारने वीस वर्षं केलाच नाही. डॉक्टर घाबरत राहिले. २०१२ च्या ऑक्टोबरात बेळगावहून तिकडे गेलेली दंतवैद्य सविता हलप्पनवार गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. सतरावा आठवडा, गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालेलं. तिने सोडवणूक मागितली. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. एकतीस वर्षांची होती. २०१३ मध्ये कायदा झाला आणि २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडच्या लोकांनी घटनेतली गर्भपातबंदीच काढून टाकली. मतदानाच्या वेळी डब्लिनच्या भिंतीवर रंगवलेलं सविताचं चित्र लोकांनी चिठ्ठ्यांनी भरून टाकलं. वीस वर्षांपूर्वी जिंकलेल्या खटल्यातून तिच्या वाट्याला काय आलं?

पुढे काय

आपल्या २०२१ च्या दुरुस्तीने बरंच केलं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरेसं झालं. काही वर्गांतल्या स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवडे झाली. गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवील, आठवड्यांची अट नाही. 'नवरा' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' आला. मंडळाने मत किती दिवसांत द्यायचं, तेही नियमांत आलं. तीन दिवस. ही अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण कायद्याने प्रथमच दुसऱ्या तारखेची दखल घेतली.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. चोवीस आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रीलाही आहे, आणि या कायद्यापुरतं बोलायचं तर नवऱ्याने केलेली जबरदस्तीही बलात्कारच, असं त्या निकालाने म्हटलं. त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या एका आईला सव्विसाव्या आठवड्यानंतर नकार दिला. अंगावर पाजत असल्याने तिला पाळी नव्हती, म्हणून दिवस गेल्याचंच उशिरा कळलं होतं. आधी एका खंडपीठाने परवानगी दिली, मग दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, मग मोठ्या खंडपीठाने नाकारली. हे सगळं एका आठवड्यात. त्या आठवड्यात तिच्या घरात काय चाललं असेल, याची कल्पना करून पाहा. इतक्या पुढच्या दिवसांत, जगू शकेल अशा गर्भाचं काय करायचं, हा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर प्रामाणिक माणसांत मतभेद राहणार. माझं म्हणणं वेगळं आहे. ती पंधराव्या आठवड्यात एखाद्या नर्सबाईकडे पोचली असती, तर हा अवघड प्रश्न न्यायमूर्तींपुढे आलाच नसता.

हरलेल्या खटल्यांनी आपल्याला बरंच दिलं, हे मी सांगितलं. बेझंटबाई हरल्या म्हणून माहिती पसरली, रघुनाथराव आणि बाबासाहेब हरूनही बोलत राहिले, मुंबईचं ते दांपत्य हरलं म्हणून कायदा हलला. त्यांचं ऋण मोठं आहे. पण लक्षात घ्या, लढलेल्या माणसाच्या हयातीत किंवा मुदतीत निकालाचं फळ क्वचितच हाती आलं. कोर्टाचा निकाल पुढच्या बाईसाठी असतो. आणि ती पुढची बाई तालुक्याच्या दवाखान्यात बाजारच्या दिवशी येते. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आहे का, औषध आहे का, आणि "नवऱ्याची सही आणा" असं न म्हणणारं माणूस टेबलामागे बसलं आहे का, यावर त्या मोठ्या निकालाचं मोल ठरतं. नवऱ्याच्या सहीची गरज कायद्यात १९७१ पासून कधीच नव्हती. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तरीही सही मागितली जाते. ऐकणाऱ्या भगिनींनी आजच्या भाषणातलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं मात्र ध्यानात ठेवावं आणि शेजारणीला सांगावं.

मी आता निकालपत्र हाती आलं, की समासात पेन्सिलीने दोन आकडे लिहिते. बाईने पहिल्यांदा मागणी केली तेव्हा किती आठवडे होते, आणि निकाल लागला तेव्हा किती. या दोन आकड्यांमधलं अंतर सहसा निकालपत्राच्या मथळ्यात नसतं. खूपदा ते आतल्या पानांतून शोधून काढावं लागतं. आत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिची वही माझ्याकडे आहे. सण विचारून, बोटांवर मोजून लिहिलेले आठवडे, आणि काही नावांपुढे कोऱ्या जागा.